येझदी, घणसोली

पोशाकाकाची येझदी गावात आली तेव्हा
सेक्टर नव्हते, बांध होते.
ती बांधावरून फाटफाटत यायची,
दोन सायलेन्सरांचा निळा धूर
वाळत घातलेल्या जाळ्यांवर सोडत.
जमिनीचे पैसे मिळाले होते.
एका भावानं स्लॅब टाकला,
एकानं बायकोला सोन्यानं मढवलं.
काका ठाण्याला गेला, नौपाड्यात,
काउंटरवर कापडी पिशवी उलटी केली,
आणि परत आला तेव्हा खिशात
ऑइलची पावती आणि दोन रुपये.

काकी अजून म्हणते,
आमच्या दीड एकराला दोन चाकं हायत.

काकाची मतं पक्की.
बुलेट म्हणजे लग्नात पुढच्या खुर्चीवर बसणारा मामा,
आवाज मोठा, आहेर लहान.
राजदूत दूधवाल्यांची, तिला नाव ठेवू नये.
आरएक्स हंड्रेड पोरगी पळवायला बरी,
पुढचं तिला झेपत नाही.
स्प्लेंडरपुढं मात्र जरा आवाज उतरतो त्याचा:
ती बिचारी मास्तरीण.
थोडं खाते, रोज शाळेत जाते.
माझ्या पल्सरचं नाव त्यानं
सहा वर्षांत एकदाही घेतलेलं नाही.
"तुझी ती" म्हणतो.

मला गाडी त्यानंच शिकवली, आठवीत,
भराव टाकून सोडून दिलेल्या मोकळ्या जागेवर.
येझदीची दांडी एकच, डाव्या बाजूला.
आत दाबून फिरवली की किक,
पुढं आणली की तीच गिअर.
"जो उठवतो त्यानंच चालवायचं," काका सांगायचा,
तेवढ्यात उलटी किक बसली.
नडगीवर खूण आहे अजून.
महाप्याच्या ऑफिसात कुणी विचारलं तर सांगते,
मांजर.

रविवारी पहाटे पाम बीचला जातो आम्ही.
केटीएमवाली पोरं गुडघ्याला ढाली बांधून येतात,
करावे गावापाशी चहाला थांबतात,
येझदीला टेकून फोटो काढतात.
एकानं विचारलं, अंकल, किती देते?
काका म्हणाला,
मी तिला विचारत नाय, तूपण नको इचारू.

येताना एका सिग्नलला
हिरवा असला तरी तो गिअर उतरवतो.
मागच्या रिक्षा बोंबलतात.
मला वाटायचं क्लच घसरतोय.
गेल्या पावसाळ्यानंतर कधीतरी स्वतःहून बोलला,
"हिथं बांद व्हता. उडी बसायची."

मग वाशीला येझदी आली. नवी.
मीच नेला त्याला, इस्त्रीचा शर्ट घालून.
टाय लावलेला मुलगा म्हणाला,
लीजेंड इज बॅक, सर.
काकानं टाकीवरची अक्षरं
नखानं एकेक चाचपली,
जसं बाजारात पापलेटचा कल्ला उचलून बघतात.
बसला.
डाव्या पायानं दांडी आत दाबली.
पुन्हा दाबली.
ती नुसती गिअरची होती.
मुलानं हसून बटण दाखवलं.
काकानं बटण दाबलं, ऐकलं
मान तिरकी करून, शेवटपर्यंत,
मग म्हणाला, "आवाज चांगला हाय,"
लांबच्या पाहुण्याला म्हणतात तसं,
आणि मुलाशी हात मिळवून उतरला.

परत येताना माझ्या मागं बसला, पल्सरवर,
पहिल्यांदाच.
कोपरखैरणे गेलं, बोलला नाही.
घणसोली स्टेशनची पाटी आली
तेव्हा हेल्मेटच्या आतून म्हणाला,
"नाव तेवढं तेच ठेवलंय."

कशाचं, ते मी विचारलं नाही.

बिल्डिंगखाली उतरल्या उतरल्या
त्यानं ताडपत्री काढली.
पहिली किक गेली, दुसरी गेली.
तिसरीला पार्किंगमधल्या दोन गाड्यांचे अलार्म
एकदम केकाटायला लागले,
वॉचमन शिटी घेऊन धावत आला
आणि धुरात कुठं शिटी मारावी ते न कळून उभा राहिला.
वरून काकीनं खिडकी लावून घेतली.
धुरासाठी, म्हणते ती.
काचेमागून मात्र हलली नाही.